घरच्या घरी पहिला स्कर्ट : कापड भिजवण्यापासून खालची घडी घालण्यापर्यंत

शिवणकाम शिकायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे यंत्र येते. यंत्र कोणते घ्यावे, पायाने चालवायचे की मोटारीचे, नवे की जुने, या चर्चेत महिने जातात आणि कापडाला हात लागतच नाही. माझा अनुभव असा आहे की साध्या कपड्यासाठी लागणाऱ्या वेळातला फार तर चौथा हिस्सा यंत्रापाशी जातो. बाकीचा वेळ कापड धुण्यात, इस्त्रीत, मोजण्यात आणि बेतण्यात जातो, आणि कपडा अंगावर नीट बसणार की नाही हे त्या वेळेतच ठरते. म्हणून या लेखात यंत्राविषयी गरजेपुरते सांगून त्याआधीच्या कामांवर अधिक भर दिला आहे. उदाहरणासाठी कमरेला इलास्टिक असलेला, चुण्यांचा साधा स्कर्ट घेतला आहे. तो जमला की परकर, पायजमा आणि सरळ कुर्ता यांची वाट बरीचशी सोपी होते.

साहित्य आणि यंत्र

सुरुवातीला लागणारी हत्यारे थोडी आहेत. फक्त कापडासाठी राखून ठेवलेली आठ ते दहा इंची कात्री, मेजपट्टी, शिंप्याचा खडू, टाचण्या, एक लांब पट्टी, टाके उसवण्याची उसवणी, हाताच्या सुया, दोन-तीन मोठ्या सेफ्टी पिना आणि इस्त्री एवढे असले की काम सुरू करता येते. घरातल्या कात्रीने कागद कापले जात असतील तर ती कापडाला लावू नये. कागदाने धार बोथट होते आणि मग कापड कापले जाण्याऐवजी पात्यांमध्ये चावले जाते. कापडाच्या कात्रीच्या कड्याला लाल दोरा बांधून ठेवावा आणि घरातल्या सर्वांना त्याचा अर्थ सांगून ठेवावा.

यंत्राच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. घरात आजीचे किंवा आईचे पायमशीन पडून असेल, तर नवे घेण्याआधी ते साफ करून, तेल घालून आणि पट्टा बदलून चालवून पाहावे. सरळ टीप घालण्यात ही जुनी काळी यंत्रे आजही कोणत्याही नव्या यंत्राच्या तोडीची आहेत, आणि पहिल्या वर्षभरात सरळ टिपेखेरीज फारसे काही लागत नाही. पायाची लय जमायला चार-सहा दिवस लागतात. तोवर दोरा न ओवता, वहीच्या रेघी कागदावर रेघांवरून यंत्र चालवण्याचा सराव करावा. त्यासाठी जुनी सुई लावावी, कारण कागदाने सुईही बोथट होते. चाक नेहमी स्वतःच्या दिशेने फिरले पाहिजे. पायमशीन उलट्या दिशेने सुरू झाले की दोरा गुंततो किंवा तुटतो, म्हणून पहिला वेग हाताने चाक फिरवून द्यावा आणि मग पाय लावावा.

सुयांचे आकडे एकदा समजून घेतले की पुष्कळ त्रास वाचतो. मलमल किंवा त्यासारख्या पातळ कापडाला ११ नंबरची, पॉपलीन, केंब्रिक आणि नेहमीच्या सुती कापडाला १४ नंबरची, तर जीन्ससारख्या जाड कापडाला १६ किंवा १८ नंबरची सुई लागते. टाके सुटू लागले की शिकणारी माणसे यंत्राला दोष देतात. बहुतेक वेळा सुई बोथट किंवा किंचित वाकलेली असते, नाहीतर तिची चपटी बाजू चुकीच्या दिशेला बसवलेली असते. आठ-दहा तासांच्या शिवणानंतर सुई बदलावीच. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसली, तर बिघाड खाली शोधू नये. बहुधा वरचा दोरा ओवताना प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय) खाली राहिलेला असतो आणि त्यामुळे दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. फूट वर करून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवला की ही तक्रार सहसा मिटते.

कापडाची निवड आणि खरेदी

पुण्यात राहणाऱ्यांना कापडासाठी दूर जावे लागत नाही. लक्ष्मी रस्त्यावर तयार कपड्यांच्या दुकानांबरोबर ताग्यातून कापून कापड देणारी दुकाने आहेत, रविवार पेठेत घाऊक बाजार आहे, आणि लेस, बटणे, इलास्टिक, नाड्या अशा किरकोळ वस्तूंसाठी तुळशीबाग व तिच्या आसपासच्या गल्ल्या पुरेशा आहेत. शिकणाऱ्यांनी कटपिसांच्या ढिगाकडे अवश्य लक्ष द्यावे. दीड-दोन मीटरचे उरलेले तुकडे तेथे कमी दरात मिळतात, आणि चुकले तर जीव हळहळत नाही.

पहिल्या कपड्यासाठी मध्यम जाडीचे, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. पॉपलीन, केंब्रिक किंवा छापील सुती कापड यंत्राखाली स्थिर राहते, इस्त्रीची घडी धरते आणि उसवून पुन्हा शिवले तरी त्यावर भोके दिसत नाहीत. जॉर्जेट, शिफॉन आणि सॅटिन दिसायला मोहक असले तरी ती हातातून निसटणारी कापडे आहेत. त्यांना पहिल्या सहा महिन्यांत हात लावू नये असे मी आग्रहाने सांगेन. रेयॉनही झुळझुळीत असते, पण त्याची वीण ओढली जाते आणि कापताना रेषा वाकडी होते. खणाच्या कापडाचा स्कर्ट फार देखणा दिसतो, मात्र हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असल्यामुळे अधिक तुकडे जोडावे लागतात, म्हणून तोही दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नासाठी ठेवावा. आणि मापाची खात्री नसेल, तर सर्वांत आधी मांजरपाटाचा कच्चा कपडा शिवून पाहावा.

दुकानात दोन गोष्टी विचारल्याशिवाय कापड कापू देऊ नये. पहिली म्हणजे पन्हा किती आहे. नेहमीच्या सुती कापडाचा पन्हा साधारण ४४ इंच असतो, काहींचा ३६ तर काहींचा ५८ इंचही असतो, आणि किती मीटर घ्यायचे हे सर्वस्वी त्यावर अवलंबून असते. दुसरी म्हणजे नक्षीला वर-खाली दिशा आहे का. उभ्या वेली, मोर किंवा हत्ती छापलेले कापड असेल, तर सर्व तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात आणि कापड जास्त लागते.

धुणे आणि इस्त्री

मी स्वतः बेतलेला पहिला स्कर्ट गडद निळ्या सुती कापडाचा होता आणि त्याला खाली पांढरी पट्टी लावली होती. कापड आणल्या संध्याकाळीच कापले, रात्री जागून शिवले आणि दुसऱ्या दिवशी तो घालून बाहेरही पडले. पहिल्या धुण्यात त्याची उंची जवळजवळ दोन इंच कमी झाली आणि पांढरी पट्टी आकाशी झाली. माझी आई प्रत्येक नवे सुती कापड रात्री बादलीत भिजत का घालत असे, हे त्या दिवशी मला कळले, आणि तेव्हापासून एकही कापड मी कोरे कापलेले नाही.

सुती कापड धुतल्यावर आटते, आणि ते बहुधा रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. म्हणून कापड उलगडून साध्या पाण्यात किमान तीन-चार तास, शक्यतो रात्रभर भिजत ठेवावे. पाण्याला रंग सुटला तर रंग सुटणे थांबेपर्यंत पाणी बदलावे, आणि पुढे तयार कपडा ज्या पद्धतीने धुतला जाणार आहे त्याच पद्धतीने कापड एकदा धुऊन घ्यावे. पिळे घट्ट घालू नयेत. पावसाळ्यात पुण्यात कापड दोन-दोन दिवस दमट राहते. अशा वेळी घाई करून ओलसर कापड बेतू नये, कारण दमट कापड ताणले जाते आणि सुकल्यावर माप बदलते. अस्तर लावायचे असेल तर तेही भिजवावे, नाहीतर वरचे कापड आणि अस्तर वेगवेगळ्या प्रमाणात आटून कपड्याला झोळ पडतो.

इस्त्रीचा उपयोग शेवटी कपडा चकचकीत करण्यापुरताच आहे, असा एक समज असतो. खरे म्हणजे शिवणाच्या प्रत्येक टप्प्यावर इस्त्री लागते. प्रत्येक टीप घातल्यावर ती आधी जशी आहे तशी दाबून घ्यावी, मग आतली माया, म्हणजे शिवणीच्या आतले जास्तीचे कापड, उघडून किंवा एका बाजूला वळवून पुन्हा दाबावी, आणि त्यानंतरच तिला छेदणारी दुसरी टीप घालावी. दाबताना इस्त्री घासत न नेता एका जागी टेकवावी, उचलावी आणि पुढे ठेवावी. घासल्याने कापड तिरके ओढले जाते. घरी शिवलेल्या कपड्याला शिंप्याकडची सफाई येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा एवढे करून पाहावे.

धागा सरळ करणे

कापडात किनारीच्या दिशेने जाणारा उभा धागा आणि त्याला काटकोनात असलेला आडवा धागा असे दोन धागे असतात. कपड्याची उंची साधारणपणे उभ्या धाग्यावर घेतात, कारण तो कमी ताणतो. दुकानात कापड कात्रीने कापले असेल तर टोक बहुधा तिरके असते. ते सरळ करण्यासाठी टोकापासून अर्धा इंचावर किनारीला छोटा छेद द्यावा, एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढावा, आणि तो निघून गेल्यावर जी फट दिसते तिच्यावरून कात्री चालवावी. घट्ट विणीचे सुती कापड छेद देऊन हाताने फाडले तरी आडव्या धाग्यावर सरळ फाटते. एवढे करूनही कापडाचे चारही कोपरे जुळत नसतील, तर समोरासमोरची दोन टोके दोघांनी धरून तिरपे ओढावीत आणि इस्त्री करावी. ही पायरी गाळली की शिवलेला स्कर्ट पायाभोवती फिरत राहतो आणि बाजूची शिवण चालता चालता पुढे येते.

मापे

कंबर, नितंब आणि उंची ही तीन मापे पुरतात. स्कर्ट कमरेवर जेथे बांधला जाणार आहे तेथे एक नाडी सैल बांधावी आणि नाडीपासून खाली मोजावे. स्वतःचे माप स्वतः घेताना वाकले की मेजपट्टी सरकते, म्हणून उंची तरी दुसऱ्याकडून मोजून घ्यावी. नितंबांचे माप सर्वांत रुंद भागावर, मेजपट्टीखाली दोन बोटे जातील इतके सैल घ्यावे.

उंची ठरवताना एक पुणेरी विचार करावा. आपल्याकडे बहुतेक जणी दुचाकीवरून फिरतात. मागे बसलेलीचा पायघोळ आणि अतिशय घेरदार स्कर्ट चाकात किंवा साखळीत अडकू शकतो, आणि हा धोका खरा आहे. रोज दुचाकीवर वापरायचा स्कर्ट घोट्याच्या चार-पाच इंच वर ठेवावा आणि घेर आवरता येईल एवढाच घ्यावा.

आता एक हिशेब करून पाहू. कंबर ३०, नितंब ३८ आणि हवी असलेली उंची ३६ इंच आहे असे धरू. एक इंच रुंद इलास्टिकच्या नेफ्यासाठी वर दीड इंच लागेल, म्हणजे पाव इंचाची पहिली दुमड आणि सव्वा इंचाची दुसरी. खालच्या घडीसाठी दोन इंच, म्हणजे अर्धा इंच आत आणि दीड इंच घडी. अशा रीतीने एका पाटाची उंची साडेएकोणचाळीस इंच झाली. पुढचा आणि मागचा असे दोन पाट मिळून ७९ इंच, म्हणजे दोन मीटरहून किंचित अधिक. आटण्यासाठी आणि खिशांसाठी मिळून अडीच मीटर कापड घ्यावे. ४४ इंची पन्हा पूर्ण वापरला, तर आटल्यानंतर आणि शिवणीतली माया वजा जाता घेर सुमारे ८३ इंच भरतो, म्हणजे नितंबांच्या मापाच्या दुपटीहून थोडा अधिक. पातळ कापडाला हा घेर शोभतो. जाड कापड असेल तर दीड ते पावणेदोन पट घेर पुरतो, नाहीतर कमरेभोवती चुण्यांचा गठ्ठा होतो.

बेतणे आणि कापणे

कापड सुलट बाजू आत ठेवून फरशीवर पसरावे. पलंगावर किंवा गादीवर कधीही बेतू नये. कापड खाली दबते आणि रेषा हुकते. उंचीची खूण एकाच ठिकाणी न करता दोन्ही किनारींवर आणि मध्ये तीन-चार ठिकाणी करावी, मग पट्टीने त्या जोडाव्यात. कापताना कात्रीचे खालचे पाते जमिनीला टेकलेले राहू द्यावे आणि कापड उचलू नये. दोन्ही पाटांच्या वरच्या बाजूला खडूने लहान फुली करून ठेवावी, म्हणजे पुढे वर-खाली असा गोंधळ होत नाही.

आपल्या शिंप्यांच्या भाषेत शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. वाढत्या मुलीच्या परकराला दोन-दोन बोटे माया ठेवून तो तीन वर्षे पुरवणाऱ्या घरांत हा शब्द शोभून दिसतो. शिकणाऱ्याने बाजूच्या शिवणीला किमान पाऊण ते एक इंच माया ठेवावी. या स्कर्टमध्ये मात्र अर्धा इंच पुरतो, कारण घेर भरपूर आहे आणि दोन्ही बाजूंना कापडाची मूळ किनार येत असल्यामुळे धागे सुटत नाहीत.

शिवणे

प्रथम उरलेल्या चिंधीवर टीप घालून पाहावी. दोन्ही बाजूंनी टाके सारखे दिसले पाहिजेत, आणि टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण दहा टाके, एवढी असावी. टीप सुरू करण्याआधी वरचा व खालचा दोरा चार-पाच बोटे मागे ओढून धरावा, सुई कापडात खाली घालावी आणि मगच फूट टेकवावा. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे-पुढे घालून टीप पक्की करावी.

दोन्ही पाट सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवावेत, बाजूंना दर चार इंचांवर टाचण्या लावाव्यात आणि अर्धा इंच आत सरळ टीप मारावी. टाचणी सुईखाली येण्याआधी काढून घ्यावी. तिच्यावरून टीप नेल्यास सुई मोडून डोळ्याला इजा होऊ शकते. कापड ओढू नये. खालचे दात ते आपोआप पुढे नेतात, आपल्या हातांनी फक्त दिशा द्यायची असते. नजर सुईवर न ठेवता कापडाच्या कडेवर ठेवावी. त्यासाठी सुईपासून अर्धा इंचावर यंत्राच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि कड त्याला चिकटून चालवावी.

खिसा हवाच असेल, आणि तो हवाच असतो, तर तो बाजूची टीप घालण्याआधी लावावा. कागदावर हात ठेवून त्याच्याभोवती एक इंच सोडून आकार काढावा, त्याचे चार तुकडे कापावेत आणि वरच्या कडेपासून साडेचार इंच खाली प्रत्येक पाटाच्या दोन्ही कडांना एकेक तुकडा सुलटीवर सुलट ठेवून जोडावा. तुकडे बाहेर वळवून इस्त्री केली की बाजूची टीप वरून खाली येताना खिशाच्या भोवती वळवून घेता येते. मोबाईल आणि गाडीची किल्ली मावणारा खिसा तयार कपड्यांत क्वचित मिळतो. स्वतः शिवण्याचे माझे एक मोठे कारण तेच आहे.

धागे सुटणाऱ्या कडा असतील तर त्यांना इंटरलॉक करून घ्यावे. पिको-फॉल करणाऱ्या अनेक दुकानांत हे काम थोड्या पैशांत होते. बाहेर जायचे नसेल तर घरच्या यंत्रावर दुहेरी शिवण घालता येते. त्यासाठी कापड उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप मारावी, सुटे धागे कातरावेत, कापड उलटून पहिली टीप घडीत घ्यावी आणि पुन्हा पाव इंचाहून थोड्या आत दुसरी टीप मारावी. कच्ची कड पूर्ण झाकली जाते आणि मलमलीसारख्या पातळ कापडावर ही शिवण फार सुबक दिसते.

आता नेफा. वरची कड प्रथम पाव इंच उलट बाजूला दुमडून इस्त्री करावी, मग सव्वा इंच दुमडून पुन्हा इस्त्री करावी. घडीच्या खालच्या कडेला लागून गोल टीप घालावी, मात्र मागच्या बाजूला दोन इंच जागा मोकळी सोडावी. इलास्टिक कमरेच्या मापापेक्षा दोन ते तीन इंच कमी घ्यावे आणि जोडासाठी एक इंच वाढवावे. आपल्या उदाहरणात ते २८ ते २९ इंच होते. कापण्याआधी ते कमरेभोवती धरून, बसून आणि उठून पाहावे, कारण प्रत्येक इलास्टिकचा ताण निराळा असतो. एका टोकाला सेफ्टी पिन लावून ते नेफ्यातून ओवावे आणि दुसरे टोक मोकळ्या जागेपाशी टाचून ठेवावे, नाहीतर ते आत ओढले जाऊन सर्व काम पुन्हा करावे लागते. पीळ पडलेला नाही याची बोटांनी चाचपून खात्री करावी, दोन्ही टोके एक इंच एकमेकांवर ठेवून चौकोनी टीप मारावी आणि मोकळी जागा शिवून टाकावी. चुण्या सारख्या पसरल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणींवर इलास्टिकमधून एक उभी टीप घातली की ते पुढे कधी उलटत नाही.

खालची घडी शेवटी घालावी. स्कर्ट अंगावर घालून आरशासमोर उभे राहावे आणि दुसऱ्या कुणाला जमिनीपासून सारख्या अंतरावर खडूच्या खुणा करायला सांगावे. रोजच्या वापराच्या स्कर्टला यंत्राची टीप चालते, पण चांगल्या कपड्याला हाताने हेम घालावे. दोरा एकेरी घ्यावा, हाताच्या वितीहून दुप्पट लांब घेऊ नये, आणि वरच्या कापडाचा फक्त एकच धागा सुईवर उचलावा, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही.

जुन्या साडीचा स्कर्ट

कपाटातल्या सुती साड्यांवर शिकणे हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. साडी अनेकदा धुतलेली असल्यामुळे ती आटत नाही, आणि तिचा काठ खाली घेतला की खालची घडी घालावीच लागत नाही. साडीची लांबी स्कर्टच्या घेरासाठी वापरायची आणि पन्हा उंचीसाठी. काठापासून वर साडेसदतीस इंच मोजले की ३६ इंच उंचीचा स्कर्ट आणि नेफा दोन्ही मिळतात. घेरासाठी ९० इंच घेतले तरी साडेपाच मीटरच्या साडीतून तीन मीटरहून अधिक कापड उरते, आणि शिवण एकच येते.

कोणता काठ घ्यावा याचा विचार मात्र करावा. आधी फॉल उसवून काढावा आणि साडी खिडकीसमोर उजेडात धरावी. निऱ्यांच्या जागी खालचा काठ टाचांनी घासून विरलेला दिसतो आणि फॉलच्या टाक्यांच्या खुणाही तेथे असतात. वरचा काठ मात्र कमरेत खोचलेला असल्यामुळे बऱ्याचदा नव्यासारखा असतो. दोन्ही काठ सारखे असतील तर वरचा काठ स्कर्टच्या खाली घ्यावा. पदराजवळचा भाग खांद्यावरच्या पिनांनी फाटलेला नाही ना, तेही पाहावे.

पुढचे कपडे

इलास्टिकऐवजी नाडी घातली आणि चुण्यांऐवजी कळ्या जोडल्या की परकर होतो. कळ्या एक उलटी, एक सुलटी अशा मांडल्या की कापड वाचते, पण दिशा असलेल्या नक्षीवर तसे करता येत नाही. छत्रीसारखा गोल स्कर्ट करायचा असेल तर वरच्या वर्तुळाची त्रिज्या काढावी लागते. इलास्टिकचा कपडा नितंबांवरून चढला पाहिजे, म्हणून नितंबांच्या मापात दोन इंच मिळवून त्याला ६.२८ ने भागावे. ३८ इंचांसाठी ती जवळजवळ ६.४ इंच येते. ३२ इंच उंचीचा असा स्कर्ट ४४ इंची पन्ह्यात दोन अर्धवर्तुळांचा बेततात, त्याला साडेचार मीटर कापड पुरते आणि कमरपट्टीही त्यातून निघते. या कापडाचा काही भाग तिरक्या धाग्यावर येतो आणि स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो, म्हणून कमरपट्टी लावून स्कर्ट किमान एक रात्र टांगून ठेवावा आणि मगच खालची कड समान कापावी.

सरळ कुर्त्यासाठी आकडेमोड करत बसण्यापेक्षा अंगावर नीट बसणारा जुना कुर्ता उभा दुमडून खाकी कागदावर ठेवावा आणि त्याच्या कडेने आकार काढून घ्यावा. वर्तमानपत्रही चालते, पण फिक्या कापडाला त्याची शाई लागते. खांद्याला अर्धा इंच, बाजूला एक इंच माया वाढवावी. गळा नेहमी हवा त्यापेक्षा लहान कापावा, कारण लहान गळा मोठा करता येतो. गळ्याला लावायची पट्टी सव्वा इंच रुंद आणि धाग्यांना ४५ अंशांत तिरकी कापलेली असावी. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर वळत नाही आणि गळ्याला चुण्या पडतात. टक्स (आकार देण्यासाठी शिवलेल्या छोट्या घड्या), चेन आणि कमरपट्टी असलेला घट्ट बसणारा स्कर्ट दिसायला साधा असला तरी त्याला नेमकी मापे लागतात. तो या सर्वांनंतर घ्यावा.

शिकण्यासाठी वर्गाला जावे का, असे अनेक जण विचारतात. पुण्यात ही परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनात स्त्रियांना शिवण शिकवले जात असे, आणि आजही जवळजवळ प्रत्येक पेठेत आणि उपनगरात शिवणक्लास आहेत. ब्लाउज शिकायचा असेल तर अवश्य जावे, कारण तो दुसऱ्याच्या हाताखालीच नीट जमतो. स्कर्ट, परकर, उशीचे अभ्रे आणि पायजमे यांसाठी घर पुरेसे आहे.

कपडा तयार झाला की कागदी बेत फेकू नये. त्यावर नाव, तारीख, मापे, कापड किती लागले आणि कोठे उसवावे लागले हे लिहून त्याची गुंडाळी करून ठेवावी. पहिल्या दोन धुण्यांनंतर कपडा पुन्हा अंगावर घालून उंची आणि कंबर मोजावी, फरक पडला असेल तर तोही त्याच कागदावर नोंदवावा, आणि पुढचे कापड आणायला निघताना तो कागद पिशवीत टाकावा.